मैदानावर आलेल्या संघाला बाहेर काढू नका: लीगच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
बारा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल लीगचे आयोजक,
वडोदरा

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी संध्याकाळी लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमची सूचना आली. पुढच्या हंगामापासून ‘स्पर्धेचा दर्जा राखण्यासाठी’ गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या आणि गोलफरक उणे ५० च्याही खाली गेलेल्या संघाला प्रवेश मिळणार नाही, असं तुम्ही कळवलंत. संघाचं नाव त्यात नव्हतं, पण ते सगळ्यांना कळलं. सहा संघांत सहावे आम्ही आहोत आणि आमचा गोलफरक उणे ५६ आहे.

मी या संघाची मॅनेजर आहे. माझा मुलगा लेफ्ट बॅकला खेळतो. सामन्याच्या दिवशी जन्मदाखल्यांची फाइल, पाण्याचा जग, बर्फाची पिशवी, जादा शिनगार्ड आणि तिघा-चौघांचे चष्मे सांभाळणं हे माझं काम. फुटबॉल मी लहानपणी खेळले नाही. जे काही शिकले ते या दोन वर्षांत, रेषेबाहेर उभं राहून. तरी दहाच्या दहा सामने मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिले आहेत, आणि त्या आधारावर हे लिहिते आहे.

तुमची सूचना मुलांनी आमच्या आधी वाचली. आईवडिलांचे फोन त्यांच्याच हातात असतात. साडेसातला आमच्या गोलकीपरचा फोन आला, “काकू, मग आता रविवारी यायचं नाही का?” मी सांगितलं, सराव आहे, ये. पण पुढच्या वर्षीचं त्याला काय सांगायचं ते मला अजून माहीत नाही. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडते, कारण तुमचा निर्णय हिशेबावरच उभा आहे. दहा सामने, नऊ हार, एक बरोबरी. आम्ही पाच गोल केले, आमच्यावर ६१ झाले, म्हणून गोलफरक उणे ५६. यातला एकही आकडा मला नाकारायचा नाही. मुलं खरोखरच हरली, आणि काही सामन्यांत फार वाईट हरली.

पण तुमच्याच नियमावलीतली एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला ३-० असा विजय दिला जातो, आणि हंगामात दोन वॉकओव्हरपर्यंत संघ बाद होत नाही. आता आमच्या पहिल्या दोन सामन्यांचे निकाल बघा. ०-११ आणि ०-८. त्या दोन रविवारी आम्ही मैदानावर पाऊलच ठेवलं नसतं, तर दोन्ही निकाल ०-३ लागले असते. १९ गोलांऐवजी सहा. गोलफरक उणे ४३. म्हणजे दोन रविवार घरी बसलेला संघ पुढच्या वर्षी तुमच्या लीगमध्ये असता, आणि दहाही रविवारी आलेला संघ बाहेर आहे. हा नियम करताना हे तुमच्या मनात नव्हतं याची मला खात्री आहे. पण नियमाचा अर्थ हाच होतो, आणि अकरा वर्षांच्या मुलांना तो कळतो. आमच्या राइट विंगरने हा हिशेब माझ्या आधी केला होता.

त्यातला दुसरा सामना, ०-८ चा, तुम्हाला आठवत असेल, कारण त्या दिवशी आम्ही नऊच जण होतो. लग्नसराई सुरू झाली होती, दोघं गावाला गेले होते. दोघांना ताप होता. एकाची ट्यूशनची परीक्षा त्याच सकाळी होती आणि वडील ऐकेनात. नियमाप्रमाणे सात जण असले की सामना सुरू होऊ शकतो, पण अकरांसमोर नऊ, तेही पूर्ण मैदानावर. आमचे सर मुलांना घेऊन गेटाशीच थांबले आणि म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तर मी आयोजकांना जाऊन सांगतो, कोणी तुम्हाला बोलणार नाही. मुलं काही क्षण गप्प होती. मग आमच्या सेंटर हाफने विचारलं, “सर, नऊ जणांत कोण कुठे उभं राहायचं?” सरांनी रस्त्याकडेच्या धुळीत बोटाने नऊ ठिपके काढले. मागे चार, मध्ये तीन, पुढे एक आणि गोलकीपर. मुलं वाकून बघत होती. ते ठिपके आणि ती वाकलेली डोकी मी विसरणार नाही.

त्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये तीनच गोल झाले. नंतर पाय थकले.

आता त्या पहिल्या सामन्याकडे येते, कारण ०-११ हा आकडा मुलांच्या पाठीशी महिनाभर लागला होता. शाळेत कोणीतरी फळ्यावर लिहून ठेवला होता म्हणे. आमचा गोलकीपर चार फूट पाच इंच उंच आहे. ज्या गोलपोस्टमध्ये तो उभा होता ती २४ फूट रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे मोठी माणसं विश्वचषकात खेळतात तीच. पोस्टच्या मध्यभागी तो हात वर करून उडी मारतो तेव्हाही त्याच्या बोटांच्या वर मोकळी जागा राहते. मी मुद्दाम लक्ष दिलं. अकरांपैकी सात गोल त्याच जागेतून गेले. समोरच्या संघातली उंच मुलं लांबून चेंडू उचलून मारत होती. त्यात त्यांची चूक काही नाही, त्यांना गोल करायचे होते. हाफ टाइमला तो माझ्याकडे आला, हातमोजे काढले नाहीत, पाणी घेतलं नाही. एवढंच विचारलं, “काकू, मी उडी मारली होती. तुम्ही बघितलंत ना?”

मी बघितलं होतं.

इंग्लंडमध्ये २०१२ साली मतदान घेऊन मुलांच्या फुटबॉलची मापं बदलली. सगळ्यात लहान मुलं पाच-पाच, मग सात-सात, आणि अकरा-बारा वर्षांखालच्या गटांत नऊ-नऊ. या नऊ-नऊच्या गटांसाठी गोलपोस्ट १६ फूट बाय सात फूट. अकरा-अकराचा खेळ तेरा वर्षांखालच्या गटापासून सुरू करायचं तेव्हा ठरलं. जर्मनीत तर २०२४-२५ च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या गटांत गुणतक्ताच ठेवत नाहीत. छोटे संघ, छोटी मैदानं, भरपूर खेळ. आमची मुलं त्याहून थोडी मोठी आहेत, म्हणून तक्ता काढून टाका असं मी म्हणत नाही. आणि फार लांब कशाला जायचं? आपल्याच देशात २०१८ पासून सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी बेबी लीग सुरू झाल्या, त्याही छोट्या मैदानावरच्या. मग आपल्या शहरातल्या याच वयाच्या मुलांना पूर्ण मैदान, पूर्ण पोस्ट आणि अकरा जण का? चेंडू मात्र तुम्ही चार नंबरचा, लहान मुलांचाच देता. चेंडूला जे वय लावलं तेच पोस्टला लावा.

दर्जा हा शब्द तुम्ही सूचनेत वापरला आहे. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तो शब्द मुलांना लागला.

लीगची वयाची अट १ जानेवारीवर आहे. त्या हिशेबाने एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगाही असतो आणि डिसेंबरमधलाही. अकरा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ बारावा हिस्सा. तेवढ्यात उंची, वजन, पायातली ताकद, सगळ्यात फरक पडतो. ही गोष्ट जगभर अभ्यासली गेली आहे. १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी निघाली. नंतर फुटबॉलमध्येही देशोदेशी तेच दिसलं. जानेवारीतली मुलं जन्मतःच चांगला खेळ घेऊन येतात असं नाही. आठव्या-नवव्या वर्षी ती मोठी दिसतात, म्हणून निवडली जातात. निवडली की चांगलं मैदान, चांगले कोच, जास्त सामने मिळतात, आणि मग ती खरोखरच पुढे जातात.

जन्मदाखल्यांची फाइल माझ्याकडेच असते. तुमची सूचना आल्यावर त्या रात्री मी ती उघडून बसले. आमच्या चौदा मुलांपैकी नऊ जण सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले आहेत. जानेवारी ते मार्चमधला एकच. हे आपोआप झालेलं नाही. जूनमध्ये मोठ्या अकादम्यांच्या निवड चाचण्या होतात, आमच्याकडची दोन सगळ्यात उंच, सगळ्यात वेगवान मुलं त्यात निवडली गेली आणि गेली. त्यांचं भलं होवो, ती अजूनही आम्हाला भेटली की मिठी मारतात. पण मागे राहिलेल्या मुलांचा संघ कमी दर्जाचा ठरवण्याआधी दर्जा मोजण्याची तुमची पट्टी एकदा बघा. या वयात ती पट्टी बरीचशी वाढदिवस मोजते आहे.

शिवाय मैदान. हे शहर क्रिकेटचं आहे. मोतीबागेपासून आता कोटंबीपर्यंत आपल्याकडे क्रिकेटला जागा आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझे वडील विजय हजारेंचं नाव निघालं की आजही उठून बसतात. पण फुटबॉलच्या मुलांना जे मैदान मिळतं ते गरब्यांच्या आधी जातं आणि नंतर खड्ड्यांसकट परत येतं. यंदा नवरात्रीच्या आधी दोन आठवडे आमचा सराव बंद झाला, मांडव आणि पार्किंगसाठी. गरबे मलाही प्रिय आहेत, माझी मुलगी नऊही रात्री जाते. पण दसऱ्यानंतर आम्ही परत गेलो तेव्हा जमिनीत बांबूचे खड्डे आणि गवतात खिळे होते. आमचे सर, रेल्वेतून निवृत्त झालेले, पगार न घेता शिकवणारे, यांनी जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं आणि मैदानभर ओढलं. मुलं त्यांच्यामागे चालत होती. दोन मुठी खिळे निघाले. खड्डे मुलांनीच मातीने भरले. तो आमच्या सरावाचा पहिला आठवडा होता, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी पहिला सामना होता.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचे चेंडू, जाळ्या, बिब ठेवलेली खोली पाण्याखाली गेली होती. जाळ्या धुऊन वापरल्या, चेंडूंपैकी चारच वाचले. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. शहरात अनेकांचं याहून फार मोठं नुकसान झालं. सांगते एवढ्यासाठी की गुणतक्त्यात शेवटी असलेल्या संघाचं एक पूर्ण वर्ष कसं गेलं ते तक्ता बघून कळत नाही.

दोष आमचाही आहे, तो झाकत नाही. आठवड्यातून दोनच दिवस सराव होतो. पहिल्या फेरीत आमच्या निम्म्या मुलांना ऑफसाइड नीट कळत नव्हतं. आम्ही पालकही रेषेबाहेरून एकाच वेळी सहा सूचना ओरडत होतो, रेफ्रींनी एकदा थांबून आम्हाला गप्प केलं, आणि ते बरोबर होतं. तिसऱ्या सामन्यानंतर आम्ही ठरवलं की बाहेरून फक्त टाळ्या वाजवायच्या. ते पाळलं.

आणि मग दुसरी फेरी आली. हा भाग तुमच्या सूचनेत नाही, म्हणून मी लिहिते. पहिल्या फेरीतल्या पाच सामन्यांत आमच्यावर ३८ गोल झाले आणि आम्ही एक केला. दुसऱ्या फेरीत तेच पाच संघ होते. आमच्यावर २३ गोल झाले, आम्ही चार केले. ज्यांनी आम्हाला ११-० ने हरवलं होतं त्यांच्याशी आम्ही १-५ खेळलो. तक्त्यात दोन्हींची किंमत सारखीच, शून्य गुण. पण त्या १-५ नंतर आमची मुलं मैदान सोडायला तयार नव्हती. त्यांना परत खेळायचं होतं, लगेच.

नवव्या सामन्यात बरोबरी झाली. त्या दिवशी तुमच्यापैकी दोघं तिथे होतात. पहिल्या हाफमध्येच त्यांचा गोल झाला, कॉर्नरवरून, डोक्याने. मग आमची मुलं अर्धा तास नुसती अडवत होती. आमचा गोलकीपर मराठी, स्टॉपर गुजराती, राइट बॅकच्या घरी हिंदी. मागून सतत आवाज येत होते, “पाछळ!”, “मागे बघ!”, “तेरा है!” कोणाला कुठल्या भाषेत ओरडायचं ते त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. शेवटची चार मिनिटं राहिली असताना सरांनी चौदा नंबरला आत पाठवलं, संघातला सगळ्यात लहान, डिसेंबरातला. थ्रो झाला, पेनल्टी बॉक्समध्ये गर्दी झाली, चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून त्याच्यासमोर आला. त्याने पायाच्या पुढच्या भागाने मारायला हवा होता. तो नडगीला लागला. चेंडू हळूहळू गडगडत पोस्टच्या आतल्या बाजूला टेकून रेषेच्या पलीकडे गेला. रेफ्रींनी मध्याकडे हात दाखवला तरी तो मुलगा तिथेच उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, खरंच गोल आहे का म्हणून.

त्याचे वडील रिक्षा चालवतात. भाडं सोडून ते गेटाशी आले होते. सामन्यानंतर त्यांनी सगळ्या संघाला सेव-उसळ खाऊ घातली, आणि कोणालाही पैसे काढू दिले नाहीत.

त्या मुलाला पहिल्या फेरीच्या पाच सामन्यांत मिळून १७ मिनिटं खेळायला मिळालं होतं. कारण तुमच्या नियमात बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नाही. कमजोर मुलाला आत घेतलं आणि संघ कोसळला तर सावरायला मार्ग नाही, म्हणून सर थांबून राहतात. खेळाच्या तिसऱ्या नियमातच मुलांच्या फुटबॉलसाठी बदली झालेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा ठेवली आहे, देशाच्या संघटनेने मान्य केलं की पुरे. मग आपण ती का वापरू नये? हे बदललं तर फक्त आमचा नाही, प्रत्येक संघाचा बाकावर बसलेला मुलगा खेळेल. चॅम्पियन संघाच्या बाकावरही दोन-तीन मुलं पूर्ण हंगाम ट्रॅकसूट घालून बसलेली मी पाहिली आहेत.

एका सामन्यात स्कोअर ०-५ असताना समोरच्या कोचनी आपल्या मुलांना सांगितलं की आता गोलवर मारण्याआधी किमान सहा पास व्हायला हवेत. पुढची पंधरा मिनिटं त्यांची मुलंही नवं काही शिकली आणि आमच्याही मुलांना चेंडू मिळाला. मी नंतर जाऊन त्यांचे आभार मानले. दुसऱ्या एका सामन्यात मात्र सहावा गोल झाल्यावरही बाहेरून “अजून, अजून” ओरडणं चालू होतं. गोलफरकावर संघ काढायचे ठरवलेत तर त्या दुसऱ्या कोचचंच वागणं शहाणपणाचं ठरेल, कारण मग प्रत्येक संघाला दुबळ्यावर जितके जमतील तितके गोल करून ठेवावे लागतील.

तुम्ही किती राबता ते मला माहीत आहे. पहाटे पाचला येऊन चुन्याच्या रेषा मारताना मी तुम्हाला पाहिलं आहे. रेफ्रींचा चहा, रुग्णवाहिकेचा फोन, पालकांची भांडणं, सगळं तुमच्या अंगावर. पदरमोड करून तुम्ही ही लीग चालवता आणि म्हणूनच मी तक्रार घेऊन दुसरीकडे न जाता तुमच्याकडेच आले आहे. एकतर्फी सामने बघायला कोणालाच आवडत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय आहेत. पहिल्या फेरीनंतर वरचे तीन आणि खालचे तीन असे दोन गट करा, दुसरी फेरी गटातच दोनदा होऊ द्या. सामने तुल्यबळ होतील. नऊ-नऊचा खेळ करा. चार गोलांचा फरक पडला की मागे असलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवू द्या, मुलांच्या सामन्यांत असं करतात. यातलं काय जमेल ते तुम्ही ठरवा, तुम्हाला या खेळाचं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

माझी मागणी एकच आहे. तो प्रवेशबंदीचा नियम मागे घ्या. आमच्याच संघासाठी नाही. पुढच्या वर्षी सहावं दुसरं कोणी असेल, आणि त्यांच्याही मॅनेजरला सोमवारी संध्याकाळी फोन येईल.

पुढच्या हंगामाचा आमचा अर्ज या पत्रासोबत देते आहे. चौदा नावं आहेत, चौदाही जन्मदाखल्यांच्या प्रती जोडल्या आहेत, प्रवेश फी सरांनी आणि पालकांनी मिळून भरायची ठरवली आहे. चौदा नंबरच्या रकान्यात त्याच्या वडिलांची सही राहिली होती, ती काल रात्री साडेदहाला रिक्षा थांबवून घेतली. रविवारी सकाळी साडेसहाला आमचा सराव असतो. तुमच्यापैकी कोणी आलं तर मुलांना बरं वाटेल. गोलकीपर नक्की असेल, त्याला मी तसं सांगितलं आहे.

आपली नम्र,
संघाची मॅनेजर आणि लेफ्ट बॅकची आई
नवापुरा, वडोदरा